उन्हाळ्यात कललेली फिगर

मेमध्ये फिगर, म्हणजे जपानी कार्टूनमधल्या पात्राची प्लास्टिकची मूर्ती, कलली, चिकट झाली, म्हणून ती बनावट असेल का, असं तुम्ही विचारलंय. एवढ्यावरून तसं ठरत नाही. सोलापुरात पारा ४२-४३ ला टेकतो, पत्र्याखालच्या खोलीत तर विचारूच नका; फिगरचं प्लास्टिक, म्हणजे पीव्हीसी, मऊ पडतं आणि सगळा भार घोट्यावर येतो. घोटा ६०-७० अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, हलक्या हाताने सरळ करा आणि तसाच धरून बर्फाच्या पाण्यात घाला. उकळतं पाणी नको, रंग खराब होतो. चिकटपणा म्हणजे पाझरलेला प्लास्टिसायझर, प्लास्टिक लवचिक ठेवायला त्यात घातलेलं द्रव्य. बंद खोक्यात तो साचतो. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, सावलीत वाळवण. थिनर अजिबात नको. मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्सची पुस्तकं, मात्र पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीपासून लांब, अंधाऱ्या कपाटात उभी ठेवा. तो स्वस्त कागद उजेडाने आणि उष्णतेने लवकर पिवळा पडतो.