मदत हवी आहे : ४-मिथाइलॲनिसोलच्या ब्रोमिनेशनसाठी कोणता अभिकर्मक वापरावा?

नमस्कार. मला ४-मिथाइलॲनिसोलपासून २-ब्रोमो-४-मिथाइलॲनिसोल तयार करायचे आहे. मिथॉक्सी गट वलयाला इलेक्ट्रॉन पुरवतो आणि पॅरा जागा मिथाइलने अडलेली आहे, त्यामुळे ब्रोमीन मिथॉक्सीच्या ऑर्थो जागी बसावा, हे कागदावर सरळ दिसते.

पहिल्यांदा मी अ‍ॅसेटिक आम्लात द्रवरूप ब्रोमीन थेंबाथेंबाने सोडला. पण माझा हात थोडा सैल सुटला असावा, कारण टीएलसीवर (पातळ थर वर्णलेखन, मिश्रणातील संयुगे वेगळी दाखवणारी चाचणी) अपेक्षित ठिपक्याशेजारी दुसरा ठिपका उमटला, जो मला डायब्रोमो संयुगाचा वाटतो. नंतर १.२२ ग्रॅम ४-मिथाइलॲनिसोल आणि १.७८ ग्रॅम एनबीएस (एन-ब्रोमोसक्सिनिमाइड, ब्रोमीन पुरवणारा घन अभिकर्मक), म्हणजे दोन्ही १० मिलिमोल, अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये घेतले. फ्लास्क मात्र दुपारभर खिडकीत उन्हात राहिला, आणि बाष्पीभवनानंतर झाकण उघडताच डोळ्यांना धारा लागल्या. ध्रुवीय द्रावकात वलयावरच अभिक्रिया व्हायला हवी, तरी प्रकाशामुळे मूलक-मार्गाने बेंझिल ब्रोमाइडही (वलयाऐवजी मिथाइल गटावर ब्रोमीन बसलेले, डोळ्यांना झोंबणारे संयुग) बनले, अशी माझी शंका आहे. (एनबीएस जुने, पिवळसर होते, हेही कबूल करतो.)

फ्लास्क फॉइलने झाकून, पाण्यातून पुनर्स्फटिकीकरण केलेले एनबीएस ० अंशाला थोडे थोडे घातले तर पुरेल, की अमोनियम अ‍ॅसिटेटसारखा उत्प्रेरक घालणे आवश्यक आहे? शिवाय, याच ४-मिथाइलॲनिसोलचे क्लोरो संयुग हवे असल्यास, एनसीएस (एन-क्लोरोसक्सिनिमाइड, एनबीएसचा क्लोरीनवाला भाऊ) फारच संथ चालत असताना सल्फ्युरिल क्लोराइडकडे वळावे, की एनसीएसलाच आम्लाची जोड द्यावी? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया द्रावक, तापमान आणि वेळ यांसह सांगावे.