शेवग्याच्या गोळीला औषधाचा कायदा कशासाठी?

प्रश्न (औसा, जि. लातूर)

आमच्या बचत गटातील आम्ही अकरा जणी शेवग्याचा पाला सावलीत सुकवून त्याची पावडर आणि गोळ्या करतो. पाल्यावर दुपारचे ऊन पडले की तो पिवळा पडतो, म्हणून पत्र्याच्या शेडखाली सुती लुगड्यावर तो दिवसातून तीनदा हलवावा लागतो. पूरक आहाराची उत्पादने अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडून काढून औषध नियंत्रकांकडे सोपवावीत का, याचा विचार करण्यासाठी केंद्राने 2024 मध्ये समिती नेमली, तेव्हापासून आम्हाला धास्ती आहे. लोकांच्या पोटात अपायकारक काही जाऊ नये, हे आम्हालाही पटते. पण या पाल्याला 1940 चा औषध कायदा लावण्याची खरोखर गरज आहे का?

उत्तर (परभणी, अन्नतंत्रज्ञ)

ताई, माझ्या मते गरज नाही. कायदा ढिला आहे म्हणून तो कडक करा, असे म्हटले जाते, पण हे गृहीतच चुकीचे आहे. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 22 मध्ये ही उत्पादने येतात. त्यांचे 2016 चे स्वतंत्र विनियम 1 जानेवारी 2018 पासून लागू आहेत आणि उत्पादन औषधी वापरासाठी नाही, हे वेष्टनावर लिहिणे बंधनकारक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड आहे आणि असुरक्षित अन्नामुळे मृत्यू झाल्यास किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. एवढा कायदा हाताशी असताना उणीव आहे ती बाजारातून नमुने उचलण्याची आणि त्यांचे अहवाल वेळेत देण्याची. औषधाचा परवाना म्हटला की पात्र तांत्रिक कर्मचारी आणि औषध कारखान्याच्या दर्जाची इमारत हवी. तो खर्च मोठी कंपनी पचवेल, तुमचा गट मात्र पहिल्याच वर्षी बंद पडेल.

उत्तर (नांदेड, औषध विक्रेता)

मी पूर्णपणे सहमत नाही. व्यायामशाळेत जाणारी मुले माझ्याकडे डबे घेऊन येतात. त्यांवर ना बॅच क्रमांक असतो, ना परवाना क्रमांक. एका मुलाच्या चेहऱ्यावर महिन्याभरात इतके फोड आले की पावडरीत स्टेरॉइड असावे, अशी मला दाट शंका आली. अशांना आवर घालायचा कसा?

उत्तर (परभणी, अन्नतंत्रज्ञ)

तुमची काळजी रास्त आहे, परंतु परवाना क्रमांक नसलेला डबा आजच बेकायदा आहे, आणि पावडरीत औषध लपवून घातले असेल तर त्यावर औषध कायद्याखाली आजही कारवाई होऊ शकते. जो आजचा परवाना घेत नाही, तो उद्याचा अधिक कडक परवाना घेईल असे मानायला आधार नाही. नवा बोजा पडेल तो नियम पाळणाऱ्यांवर. त्या मुलाचा डबा जपून ठेवून अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा.

उत्तर (सेलू, शेतकरी)

आमच्याच कृषी विद्यापीठाच्या ‘परभणी शक्ती’ ज्वारीत लोह आणि जस्त अधिक आहे. तिच्या पिठाची भाकरी केली तर अन्न आणि वडी करून पुडीत घातली तर औषध, हा भेद मला पटत नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. प्रत्येक घाण्याची तारीख, पाला कोणाच्या शेतातला आणि ओलावा किती, हे आम्ही वहीत लिहितोच. यापुढे दर घाण्याचा अर्धा किलो नमुना सीलबंद करून वर्षभर ठेवू, म्हणजे तपासणीला कोणीही आले तरी तो समोर ठेवता येईल.