मदत हवी आहे: जावा लायब्ररीच्या दोन आवृत्त्या, बिनआकड्याची सिमलिंक कुणाकडे?

नमस्कार मंडळी. निपाणी-खानापूरकडच्या पतसंस्थांसाठी कन्नड उताऱ्यावरची नावं देवनागरीत आणणारी जावा लायब्ररी डेबियन १२ लिनक्ससाठी पॅकेज करतोय. ओपनजेडीके १७ (जावा), मशिनी ऑफलाइन, पेनड्राइव्हवरून डीपीकेजीने (डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन) इन्स्टॉल.

आवृत्ती २ कन्नडचा ऱ्हस्व ए ‘ऎ’ असा वेगळा ठेवते, आवृत्ती १ ऱ्हस्व-दीर्घ दोन्हीला ‘ए’च करते. जुन्या खात्यांचा शोध १ वर चालतो, म्हणून दोन्ही एकाच मशिनवर लागतात. एका जेव्हीएममध्ये (एका चालू जावा प्रोग्राममध्ये) मात्र कधीच एकत्र येत नाहीत.

पॅकेजची नावं ‘लिबलिप्यंतर१-जावा’ आणि ‘लिबलिप्यंतर२-जावा’. जार (लायब्ररीच्या कोडची फाइल) ‘/यूएसआर/शेअर/जावा’मध्ये, नावात पूर्ण आवृत्ती. नेटिव्ह कोड नाही, त्यामुळे जेएनआयचा (जावातून नेटिव्ह कोड बोलावण्याचा) प्रश्न नाही.

अडलंय ते इथे: ‘लिप्यंतर.जार’ ही बिनआकड्याची सिमलिंक (खऱ्या जारकडे नेणारं दुसरं नाव) दोन्ही पॅकेजांत होती, तर दुसरं टाकताना डीपीकेजी ‘ओव्हरराइट’ची तक्रार करून थांबलं. पॅकेजला ‘रिप्लेसेस’ (दुसऱ्या पॅकेजची फाइल बदलायची मुभा) लावलं की इन्स्टॉल होतं, पण लिंक गुपचूप २ कडे वळते आणि जुना शोध रिकामा येतो. एररही नाही, हे जास्त वाईट. ‘कॉन्फ्लिक्ट्स’ (दोन्ही एकत्र बसूच न देणं) अर्थातच चालणार नाही. अल्टरनेटिव्ह्ज (लिंक कुठे न्यायची ते ॲडमिनने निवडायची सोय) मला पटत नाही. ॲडमिनने एक कमांड मारली की तेच दुखणं.

आता विचार असा, की जुन्या शोधाच्या जारमधल्या मॅनिफेस्टच्या क्लासपाथमध्ये (लागणाऱ्या जारांच्या यादीत) थेट ‘लिप्यंतर१.जार’ लिहायचं. मग बिनआकड्याची लिंक फक्त २ ला द्यावी, की दोन्हींतून काढूनच टाकावी? आणि मेव्हन-रेपोमधल्या (बिल्ड साधन मेव्हन जिथे लायब्ररी शोधतं त्या फोल्डरमधल्या) ‘डेबियन’ नावाच्या आवृत्तीचं काय, १ साठी तिथे ‘१.एक्स’ ठेवलं तर पुरेल का?