घोडी गोव्यात आणायची आहे, तबेल्यात ठेवण्याचे पर्याय समजावून सांगा

डिचोलीकर:
नमस्कार. बेळगावजवळ माझ्या मामांकडे आठ वर्षांची काठियावाडी घोडी आहे. मामांना आता झेपत नाही, म्हणून ती मला देताहेत. तिच्या आईवर बसूनच मी घोडेस्वारी शिकलो, त्यामुळे नाही म्हणवत नाही. पण आमचं घर डिचोलीच्या बाजाराला लागून, परसात जागा नाही.

तीन ठिकाणी चौकशी केली. म्हापशाकडचा एक तबेला म्हणतो, सगळं आम्ही बघू. दुसरा फक्त जागा आणि चंदी (म्हणजे दाणा) व वैरण देणार. खरारा, फिरवणं, नालबंद, डॉक्टर माझ्याकडे. तिथेच घोडी शिकाऊ मुलांना वापरू दिली तर पैसे निम्मे. तिसरं म्हणजे वाळपईला मित्राची काजूची बाग आहे, तो म्हणतो आणून सोड, पैसे नकोत. नोकरीमुळे मला शनिवार-रविवारच जाता येईल. काय करावं?

कुळागरवाला:
मोकळी जागा मिळतेय तर कोंडू नका. घोड्याला दिवसभर चरत फिरायचं असतं. फक्त सोबतीला दुसरं जनावर बघा, एकटं घोडं झुरतं.

घोडेवाली_थिवी:
मोकळ्या जागेचं अगदी बरोबर, पण दादा, वाळपईचा पाऊस डोळ्यांसमोर आणा. माझा घोडा थिवीजवळ तबेल्यात असतो, त्याचे बरेच पावसाळे तिथेच गेलेत. माझं स्पष्ट मत आहे की गोव्यात घोड्याची जागा पावसाळ्यावरून ठरवायची, दर नंतर बघायचा. चार महिने चिखलात उभं राहिलं की खुरं सडतात, पाठीवर खपल्या धरतात. बागेत निवारा आणि कोरडी उंच जमीन नसेल तर तो पर्याय आत्ताच सोडा. शिवाय काजूच्या बोंडवांच्या दिवसांत पडलेली फळं पोटभर खाल्ली तर पोटशूळ ठरलेला, खुरांवरही येऊ शकतं.

तबेला बघायला जाल तेव्हा तिथल्या एखाद्या घोड्याचा पाय उचलायला सांगा. तळाच्या मऊ त्रिकोणी भागाशेजारच्या खाचेत काळी चिकट घाण आणि कुजका वास असेल, तर तिथे ठाण, म्हणजे घोड्याची उभं राहायची जागा, रोज कोरडं होत नाही. मग गवताच्या गंजीत कोपरापर्यंत हात घाला. आत ऊब लागली, बुरशीचा वास आला, तर घोड्याला खोकला लागणार. आपल्याकडे भाताचा पेंढा भरपूर, पण त्यावर घोडं पोसत नाही. चांगलं वाळलं गवत बहुतेक घाटावरूनच येतं, म्हणून पावसाआधी किती साठा करतात ते विचारा. साडेतीनशे किलोच्या घोडीला दिवसाला सहा-सात किलो सुकी वैरण लागते. ती कमी करून चंदी वाढवणारे तबेले मला अजिबात आवडत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं, रात्री तिथे कोण झोपतं? घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटशूळ जिवावर बेततो. आधीच्या एका तबेल्यात पैसे पूर्ण व्यवस्थेचे घ्यायचे आणि मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा, अंधार पडायच्या आत घरी. माझा घोडा पहाटे घामाने निथळत, वळून वळून कुशीकडे बघत, पाय आपटत उभा सापडला. डॉक्टर वेळेत आले म्हणून वाचला. त्याच आठवड्यात मी त्याला तिथून हलवलं.

तुम्ही आठवड्यातून दोनदाच जाणार, तेव्हा अर्धी व्यवस्था तुमच्यासाठी नाही. खूर रोज साफ व्हायला हवेत, फिरवणंही रोजचं. पूर्ण व्यवस्थाच घ्या. शिकाऊ मुलांना वापरू देऊन निम्मे पैसे, हा पर्याय पूर्ण व्यवस्थेत मिळाला तर वाईट नाही, पण दिवसाला किती तास, किती वजनापर्यंतचा स्वार आणि खोगीर कोणाचं, हे लिहून घ्या. दुसऱ्याच्या मापाच्या खोगिराने पाठीला जखमा होतात.

निवृत्त_पशुवैद्य:
ताईंनी मुद्द्याचं सांगितलं. माझी भर कागदांची. आणण्यापूर्वी ग्लँडर्सची रक्त तपासणी करून घ्या. हा रोग माणसालाही होतो. हिसारला राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्र आहे, नमुना तिकडे कसा पाठवायचा ते बेळगावचे सरकारी पशुवैद्य सांगतील. धनुर्वाताची लस दिली आहे का बघा. गोमाश्यांमुळे पसरणारा सरा नावाचा रोग घोड्यांत फार वाईट, ताप येऊन-जाऊन राहिला तर लगेच रक्त तपासा. खुरं सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून छाटून घ्या.

करार लेखीच करा. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 151 प्रमाणे दुसऱ्याची वस्तू सांभाळणाऱ्याने ती सामान्य शहाणा माणूस स्वतःची तशीच वस्तू जपेल तशी जपायची असते, आणि घोडा तबेल्यात ठेवला की हेच नातं लागू होतं. तरी तुमचा फोन लागला नाही तर डॉक्टर कोण बोलावणार, किती खर्चापर्यंत परस्पर निर्णय घेणार, आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचं, हे कागदावर हवं.

डिचोलीकर:
दोघांचेही आभार. बागेचा विचार सोडला. शनिवारी म्हापशाचा तबेला बघतो, आणि रात्री नऊनंतर न सांगता पुन्हा एक फेरी मारतो. मामा म्हणतात लगेच पाठवू. आणू का?

घोडेवाली_थिवी:
आत्ता नको, दसऱ्यानंतर आणा. चोर्ला घाट तेव्हा कोरडा असतो आणि तिला पुढच्या पावसापर्यंत इथल्या दमट हवेची सवय होईल. गाडीत मामांकडची आठ-दहा दिवसांची वैरण आणि चंदी भरून घ्या. इथलं गवत त्यात रोज थोडं थोडं मिसळत न्यायचं, एकदम बदलायचं नाही.