घटस्फोटानंतरची पोटगी : खानापुरात अर्ज करायचा की गडहिंग्लजला? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझ्या मावसबहिणीचा घटस्फोट गडहिंग्लज कोर्टात झाला. तेव्हा पोटगी मागितलीच नाही, घरच्यांना एकदाचं सुटायचं होतं. आता ती मुलीला घेऊन खानापुरात (बेळगाव जिल्हा, कर्नाटक) माहेरी आहे, शिवणकामावर भागत नाही. तिचा आधीचा नवरा कोल्हापुरात पगारी नोकरीला आहे.

वाचलं त्यावरून, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली निकालानंतरही कायमची पोटगी मागता येते. शिवाय १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या पोटगीच्या कलम १२५ च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलंय. त्यात पुनर्विवाह न केलेली घटस्फोटिताही येते आणि बायको राहते तिथेही अर्ज चालतो. म्हणजे खानापूरच जवळचं. पण तो महाराष्ट्रात. पैसे थकवले तर वॉरंटची बजावणी सीमेपलीकडे प्रत्यक्षात होते का? थकबाकीसाठी वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो म्हणे, म्हणून आधीच विचारते.

एकरकमी घ्यावी असं मामा म्हणतात. मला दरमहाच बरी वाटते, एकरकमी पैसा घरातच विरघळतो. मुलीचा खर्च वेगळा मागावा का? कागद कन्नडमध्ये असतील तर मराठीत समजावून सांगणारा बेळगाव-खानापूरचा वकील कुणाला माहीत आहे? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना मोफत वकील मिळतो, तो अनुभव कुणी घेतलाय का? कृपया सांगा.