पावसात बाईकचा ब्रेक कसा मारता?

नागपुरात बर्डीवरून हिंगणा एमआयडीसीत रोज जातो, जुनी १०० सीसी, दोन्हीकडे ड्रम ब्रेक. पाऊस सुरू झाला की सिमेंट रोडवर मागचं चाक सरकते. काय करायचं?

>> भाऊ पहिल्या पावसात सगळ्यात जास्त घसरते, उन्हाळाभरचं ऑइल न् धूळ वर येते ना, तासभर चांगला बदाबदा पडू दे मग निघ. आणि फक्त मागचा ब्रेक नको दाबू, दोन्ही हळूहळू, गाडी सरळ असतानाच. झेब्रा क्रॉसिंगच्या पट्ट्यावर तर ब्रेक नकोच.

>> टायर पाह्य आधी. गोटा झाला असंल तर ब्रेक काय करन बे!

>> एबीएसवाली (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सिस्टिम) घे, १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून कंपल्सरीच आहे

>> नवीन गाडी घ्यायला सांगणं सोपं आहे राजेहो 😄 ड्रममध्ये पाणी गेलं की ब्रेक लागतच नाही, पाण्यातून निघाल्यावर हळू चालवत थोडा थोडा दाबत राह्य, वाळते. नरेंद्र नगरच्या पुलाखाली पाणी साचलं असंल तर सरळ दुसरीकडून जा. आत बंद पडली तर किक मारू नको, ढकलत बाहेर काढ, इंजिनात पाणी गेलं तर लय खर्च.