फुफ्फुस प्रत्यारोपणानंतर आडवं पडलं की दम लागतो : तीन बॉलचं यंत्र पुरेसं आहे का?

मंजिरी_ठाणे
वडील ५८ वर्षांचे, मूळ आजार आयएलडी (फुफ्फुसांच्या ऊतींचा आजार). दोन्ही फुफ्फुसं बदलून सहा आठवडे झाले. ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीने श्वासनलिकांची तपासणी) चांगली आली, एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकलेली हवा) वाढतोय, बसून ऑक्सिजन ९६. पण उताणं झोपलं की लगेच दम लागतो आणि खोकल्याला जोर नाही. तीन बॉलचं यंत्र, म्हणजे श्वास आत ओढून बॉल वर उचलायचं, ते दिवसभर ओढतात. आणखी वाढवायचं का?

फिजिओ_कोथरूड
ताई, नुसते बॉल वाढवून उपयोग नाही. ते फुफ्फुस उघडं ठेवायला आहेत, त्यात स्नायूंवर भार जवळपास नसतोच. ताकदीसाठी स्प्रिंगच्या झडपेचं यंत्र लागतं, त्या व्यायामाला आयएमटी (श्वास आत घेणाऱ्या स्नायूंचा व्यायाम) म्हणतात. त्याआधी पीएफटी (फुफ्फुस चाचणी) लॅबमध्ये एमआयपी, म्हणजे श्वास आत ओढण्याचा जास्तीत जास्त दाब, मोजून घ्या, अंदाजाने भार लावू नका.

सुरुवात साधारण एमआयपीच्या ३० टक्क्यांनी करतात. म्हणजे एमआयपी ४० सेंमी पाणी (दाबाचं एकक) आली तर भार १२. ताठ बसून, नाकाला क्लिप लावून, श्वास जोरात आत, सावकाश बाहेर. दहा-दहाचे तीन गट, मध्ये मिनिटभर विश्रांती, दिवसातून दोनदा. दर आठवड्याला एमआयपी पुन्हा मोजून भार ठरवायचा. खांदे वर उचलले जात असतील तर मानेचेच स्नायू राबतायत, भार कमी करा. घाईने श्वास घेतले की चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात.

श्वासनलिकेचा जोड ताजा आहे, म्हणून सर्जनने हो म्हटल्याशिवाय सुरू करू नका. न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर छातीत हवा साठणं) किंवा छातीतल्या नळीतून हवेची गळती असेल तर अजिबात नाही.

छातीविकार_डॉक्टर
आडवं झाल्यावर लागणारा दम ऐकला की मला आधी श्वासपटलाची (छाती-पोटामधला श्वासाचा मुख्य स्नायू) शंका येते. शस्त्रक्रियेत त्याला चालवणारी फ्रेनिक नस ताणली जाते, कधी बर्फाच्या गारठ्यानेही दुखावते. व्हेंटिलेटर आणि स्टेरॉइडने स्नायू झिजतात ते वेगळंच. टॅक्रोलिमसमुळे (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) मॅग्नेशियम उतरतं, ते आणि फॉस्फेट तपासा.

व्हायटल कपॅसिटी (पूर्ण श्वास घेऊन बाहेर टाकता येणारी एकूण हवा) बसून आणि झोपून, दोन्ही मोजायला सांगा. झोपल्यावर ३० टक्क्यांहून जास्त घटली तर श्वासपटल कमजोर असण्याची शक्यता मोठी. सोनोग्राफीत श्वास घेताना ते २० टक्केही जाड होत नसेल तर तेच. त्याबरोबर छातीत पाणी आणि हृदय, दोन्ही पाहून घ्यावं.

सकाळी डोकं दुखणं, दिवसा गुंगी असेल तर एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) लगेच करा. कार्बन डायऑक्साइड साठत असताना, विशेषतः ऑक्सिजन लावलेला असला तर, बोटावरचा ९६ आकडा फसवतो. अशा वेळी रात्री बायपॅप (मास्कमधून दाबाने श्वासाला मदत करणारं यंत्र) लागतो. नस सावरायला महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. आणि एफईव्ही१ १० टक्क्यांनी खाली आला तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी सेंटरला फोन करा. ते रिजेक्शन (शरीराने नवं फुफ्फुस नाकारणं) किंवा संसर्ग असू शकतो.

मंजिरी_ठाणे
यंत्राची स्वच्छता?

फिजिओ_कोथरूड
रोज कोमट पाणी आणि सौम्य साबण, मग झटकून पूर्ण वाळवायचं. ओलं डब्यात बंद केलं की बुरशी धरते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत, त्यामुळे दुसऱ्याने वापरलेलं यंत्र घेऊ नका.